सलग रेघ

१

बेटाच्या मधोमध जो डोंगर आहे, त्यानं माणसांच्या आठवणीत पाच वेळा आग ओकली. दर वेळी लाव्हा वेगळ्या वाटेनं समुद्राकडे गेला, निवला, दगड झाला. जुन्यावर नवा, नव्यावर त्याहून नवा, एकावर एक टाकलेल्या गोधड्यांसारखा. कुठला दगड कुठल्या वेळचा, एकाची हद्द कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं लागते, हे हुडकून संगणकावर नकाशा करायचा, हे काम गावातल्या एका कचेरीत चालायचं.

फिरते लोक दिवसभर डोंगरावर हिंडायचे. हद्द सापडली की तिथं उभं राहून हातातल्या टॅबवर एक ठिपका टाकायचे, त्याला नंबर द्यायचे, खाली दोन शब्द लिहायचे. संध्याकाळी ते ठिपके कचेरीत पोचायचे आणि टेबलावरची बाई ते जोडून रेघ ओढायची. सकाळी तोच नकाशा नव्या रेघांसकट फिरत्यांच्या टॅबवर परत जायचा.

ही टेबलावरची बाई म्हणजे ताई. भावाची ताई होतीच, पण अकरा वर्षांत अख्ख्या कचेरीची ताई झाली होती. तिथल्या मुख्य, ज्यांना सगळे नकाशेबाई म्हणत, त्या तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्याही तिला ताईच म्हणत.

रेघांच्या जाती तीन. डोळ्यांनी पाहिली, पायांनी चालली, ती सलग. दोन ठिपक्यांच्या मधलं दिसलं नाही, अंदाजानं ओढली, ती तुटक. आणि नव्या लाव्ह्याखाली गाडली गेलेली, कुणाच्या नजरेला पडायची नाही ती, ठिपक्यांची. नेमही ठरलेला. सलग रेघेवर बेलाशक चालावं, कारण तिथून आधी कुणीतरी गेलेलं असतं. तुटक आली की थांबावं, हातोडीनं जमीन तीनदा ठोकावी आणि टेबलाला विचारावं. टेबल 'ये' म्हणालं तरच पाऊल उचलावं. कारण लाव्हा वरून निवतो आणि आतून वाहून जातो. वर पापुद्रा राहतो, खाली बोगदा. आणि पापुद्रा दिसायला दगडासारखाच दगड.

२

बारक्या ताईचा धाकटा भाऊ. सात वर्षांचं अंतर. नाव पाळण्यात पडलं आणि अंगानंही तो शेवटपर्यंत बारीकच राहिला. बाप लवकर गेला, आई दिवसभर कामावर, म्हणून त्याला चालायला शिकवलं ते ताईनं. ती पुढं चालायची, तो मागून दुडूदुडू. ताईनं 'थांब' म्हटलं की पोर एक पाय हवेत तसाच धरून उभं राहायचं. 'ये' म्हटल्याशिवाय पाय खाली नाही. सगळी गल्ली हसायची. आई म्हणायची, "अगं सोड त्याला, पाय गळून पडेल."

मोठा होऊन तो फिरत्यांत लागला. जोडीला लंबू. लंबू सहा फुटांच्या वर, बारक्या त्याच्या खांद्याला. ठिपक्याखाली दोन शब्द लिहायचे, तर बारक्या लिहायचा, "दगड काळा, निबर. लंबूच्या डोक्यासारखा."

नकाशेबाई वैतागायच्या. "अरे, हे लोक वाचतात!"

"वाचू देत ना बाई. दगडाची ओळख पटायला नको?"

त्या संध्याकाळी पठारावरची रेघ पुरी करायची होती. दोन्ही टोकांचे तुकडे सलग, मधला दोनशे पावलांचा तुटक, कारण तिथं दिवसभर धुकं होतं. ताईनं तिन्ही तुकडे जोडून एक केले. आता संगणकाची एक खोड असते. तुकडे एक केले की पहिल्या तुकड्याची जात सगळ्यांना लागते. म्हणजे मधला तुटकाचा सलग झाला. हे ताईला ठाऊक होतं, रोजचंच होतं. मधला भाग पुन्हा तोडून तुटक करायचा, की झालं. दोन मिनिटांचं काम.

दारात बारक्या उभा. सकाळी धारेच्या दगडावर बोट कापलं होतं, ताईनंच त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ते बोट नाचवत म्हणाला, "ताई, चल ना. पोटात कावळे कोकलतायत. उद्या कर ती रेघ. पळून जातेय का कुठं?"

ताई हसली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत पोचायच्या आत बारक्या पठारावर पोचला होता. लंबू पाणी प्यायला दोन मिनिटं मागं राहिला. त्यानं बाटलीचं झाकण लावून वर पाहिलं, तर समोर धुकं होतं आणि बारक्या नव्हता. जमिनीत एक भोक होतं, विहिरीच्या तोंडाएवढं.

नऊ दिवस दोर सोडले. बोगद्याला फाटे, फाट्यांना फाटे. दहाव्या दिवशी दोर गुंडाळले. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'धुकं'. ताईनं तो कागद वाचला, घडी घातली, आणि तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

३

चाळीस दिवसांनी ती कामावर आली. पठारावरची रेघ तशीच होती, सलग. बदलायची तर दोन मिनिटं. पण त्या नकाशात कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते, नावानिशी. रेघ बदलली की जगाला कळणार, त्या दिवशी ती सलग होती. ताईनं तो कोपरा उघडलाच नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशी नजर जायची, आणि ती मागं ओढून घ्यायची.

तिनं गावाकडची बाजू हातात घेतली. पठारावरच्या रेघेचं खालचं टोक जिथं संपतं, तिथून एक ठिपक्यांची रेघ निघते. ती तिसऱ्या लाव्ह्याखाली गाडलेली जुनी हद्द. उतारानं खाली येते, गावात शिरते, बाजाराच्या रस्त्याखालून, शाळेखालून, आणि शेवटी वस्तीच्या चिमुकल्या चौकोनांखालून समुद्राला मिळते. त्यातला एक चौकोन म्हणजे ताईचं घर.

सकाळी तिनं पाहिलं, तर ठिपक्यांच्या रेघेचा वरचा बोटभर तुकडा सलग झालेला.

हात लागला असेल, तिला वाटलं. चाळीस दिवसांनी माऊस धरलाय, हात कुठं जागेवर आहे? तिनं पुन्हा ठिपके केले.

दुसऱ्या सकाळी तो तुकडा सलग होता. आणि दोन बोटं लांब.

नोंद उघडली. ताईनं केलेला बदल तिच्या नावानं लिहिलेला होता. त्याच्या खाली दुसरा बदल, पहाटेचा. नावाची जागा कोरी.

"कचेरीत पहाटे कोण येतं?" तिनं विचारलं.

"झुरळं," नकाशेबाई म्हणाल्या. "का गं?"

"काही नाही."

४

चौथ्या दिवशी रेघेवर ठिपके आले. फिरत्यांचे ठिपके, नंबरासकट. बारक्याचा शेवटचा नंबर होता चारशे अकरा. हे चारशे बारा, चारशे तेरा, चारशे चौदा.

चारशे बाराखाली लिहिलं होतं, "दगड काळा, निबर. उजेड नाही."

चारशे तेराखाली, "ठोकून पाहिलं. खाली भक्कम. वर पोकळ."

चारशे चौदाखाली, "वर गाड्या जातात."

ताईनं नकाशेबाईंना हाक मारली. बाईंनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो माणूस खुर्चीवर बसून बराच वेळ खटखट करत राहिला.

"अडकलेलं असतं कधी कधी," तो म्हणाला. "त्याच्या टॅबमधून निघालेलं, वाटेत कुठंतरी तुंबलेलं. पाणी तुंबतं ना पाइपात, तसं. आता मोकळं झालं."

"तारीख आजची आहे," ताई म्हणाली.

"घड्याळं चुकतात ताई."

"आणि गाड्या?"

तो उठला. "पठारावर गाड्या नसतात का?" असं म्हणाला खरा, पण उत्तराला थांबला नाही. पठारावर साधी सायकल जात नाही, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल.

बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "ताई, तू घरी जा आठ दिवस."

"घरी काय करू, बाई? घरी आई आहे."

५

आईनं अजून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. "हाती दिलाय का कुणी मला? मग मी कशाला रडू?" एवढंच म्हणायची. त्याचे बूट दाराशी पुसून ठेवायची. गुडघे धरलेले, तरी त्याची खोली रोज झाडायची.

त्यांच्या घराला गटार नव्हतं. त्या वस्तीत कुणालाच नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दगडाला फट आहे, वीतभर रुंद, तिच्यावर लोखंडी जाळी. भांड्यांचं पाणी तिथं ओतायचं, ते खाली लाव्ह्यात कुठं जातं कुणाला ठाऊक. लहानपणी बारक्या त्या जाळीला तोंड लावून ओरडायचा आणि आवाज परत येईपर्यंत आकडे मोजायचा.

ताई रोज सकाळी कचेरीत रेघ बघायची. तीनशे पावलं, कधी चारशे. बाजार मागं पडला. शाळा आली. त्या ठिपक्याखाली लिहिलेलं, "वर पोरं नाचतात. माती पडते डोळ्यांत." ती दर वेळी रेघ पुसून ठिपके करायची, आणि सकाळी रेघ आणखी पुढं आलेली असायची. पुसता पुसता तिला एक दिवस कळलं की आपण नेटानं पुसतच नाही आहोत. सकाळ कधी होते याची वाट बघतो आहोत.

गुरुवारी भर दुपारी ती जेवायला घरी आली, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर, जाळीला कान लावून आडवी.

"आई! पडलीस काय?"

"शू!" आईनं हात वर केला. "ऐक."

नळ ठिबकत होता. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. आणि मग खालून, खूप खालून, टक टक टक. थोडं थांबून, टक टक टक.

"पाइप असेल," ताईच्या तोंडून निघालं.

"आपल्याकडे पाइप कुठंय गं?" आईच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू होतं. ते हसू बघवत नव्हतं. "सकाळपासून येतंय. आधी रस्त्याकडून यायचं, आता न्हाणीखालून येतंय. उद्यापर्यंत इथं पोचेल. मी म्हटलं होतं ना?"

६

शुक्रवारी लंबू कचेरीत आला. दारात वाकून शिरला, सवयीनं. आल्या आल्या एक विनोद करायचा, तो त्यानं केला, पण कुणी हसलं नाही, तोही नाही.

"सोमवारी जातोय पठारावर," तो म्हणाला. "नव्या जोडीदाराला घेऊन. दोन पोरांचा बाप आहे बिचारा, घाबरलाय. मी म्हटलं, घाबरू नकोस, ताईची रेघ आहे. ताईची सलग म्हणजे दगडावरची." त्यानं टॅब टेबलावर ठेवला. "नकाशा भरून दे."

"लंबू, तिथं परत कशाला?"

"भोकाच्या पलीकडं रेघ सलगच आहे की. पलीकडून कडेकडेनं जाऊ. त्या दिवशी तो धुक्यात रेघ सोडून गेला असणार, दुसरं काय?"

एवढे दिवस हा माणूस असं समजत होता. बारक्या चुकला असं. जो पोर 'थांब' म्हटल्यावर पाय हवेत धरायचा, तो रेघ सोडून गेला असं.

ज्या कोपऱ्याकडं ती बघत नव्हती, तो तिनं लंबूच्या समोर उघडला. पठार. रेघ. धुक्यातला मधला भाग, सलग. तिचं खालचं टोक, आणि त्याला चिकटून उतारानं गावाकडे आलेली दुसरी सलग रेघ, काल घरापाशी पोचलेली. वरून खालपर्यंत एकच झालेली. पहिल्या तुकड्याची जात सगळ्यांना लागते.

म्हणजे तो तिच्या रेघेवरूनच चालत होता. वर तशीच, खालीही तशीच. ती सलग होती म्हणून चालत होता. वरची ती एक जागा तुटक केली की खालचीही तुटणार, तो अडणार.

"टॅब इथंच राहू दे," ती म्हणाली. "मी दुपारून येते, मग भरते."

७

आई जाळीपाशीच बसली होती, मांडीवर पळी घेऊन. पळीनं जाळीवर तीनदा वाजवायची, खालून तीनदा उत्तर यायचं.

ताई तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. तीन तुकडे, संगणकाची खोड, दारातली भूक, दोन मिनिटं. सोमवार, लंबू, दोन पोरांचा बाप. आई ऐकत राहिली. मधे एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

"म्हणजे तू पाठवलंस," आई म्हणाली.

"आई..."

"तू पाठवलंस, तूच आण. दोन हातांवर आलाय पोर. आज रेघ मोडू नकोस. लंबूला सांग, घरी बस म्हणावं."

"तो नकाशा सगळ्यांकडं जातो, आई. आज लंबूला थांबवलं तर उद्या दुसरा कुणी जाईल. रेघ सांगते ते माणसं ऐकतात."

"मला दुसऱ्या कुणाचं काय सांगतेस?"

ऊन खिडकीतून सरकत सरकत जाळीवर आलं होतं. ताईनं जाळी दोन्ही हातांनी उचलली, बाजूला ठेवली आणि फटीत डोकावली. पाच-सहा हातांवर ऊन संपत होतं. त्याच्या खाली एक फिकट निळा उजेड होता. टॅबचा. तिनं रोज बघितलेला, तिचाच नकाशा, उलटा दिसणारा. आणि त्यावरून रेघेरेघेनं सरकत येणारं एक बोट. राखेसारखं करडं. टोकाशी निळी चिकटपट्टी.

"बारक्या," तिनं फटीत हाक मारली.

बोट थांबलं. बरोब्बर तिच्या खाली. वर कुणी पाहिलं नाही, चेहरा उजेडात आला नाही. नुसतं बोट, पडद्यावर टेकलेलं, वाट बघणारं.

लहानपणी तिनं त्याला आकडे त्याच्याच बोटांवर शिकवले होते. एका बोटाला पेरं तीन. बोटं मोजली की पेरं मोजायची. हाताला सवय असते, तशी नजरेलाही असते. तिनं ती पेरं मोजली.

परत मोजली.

तीन नव्हती. पाच होती, आणि पुढं अंधारात आणखी होती.

तिनं जाळी जागेवर ठेवली. लोखंड दगडावर वाजलं. खालून लगेच उत्तर आलं, टक टक टक.

"दिसला?" आईनं विचारलं. "कसा आहे गं? वाळलाय का फार?"

ताईला वाटलं, सांगावं. मग वाटलं, काय सांगावं? चिकटपट्टी तिनंच गुंडाळलेली होती.

"वाळलाय," ती म्हणाली आणि उठली.

८

कचेरीत तिनं पठारावरचा मधला भाग तोडला. जात बदलली. तुटक. दोन मिनिटंही लागली नाहीत. खाली नोंद पडली, तिच्या नावानिशी. मग तिनं नकाशेबाईंना आणि लंबूला टेबलापाशी बोलावलं, आणि घरी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

लंबूनं टॅब उचलला. ती तुटक रेघ पाहिली. "मी त्याच्या आईला म्हणालो होतो, तोच चुकला असेल," तो म्हणाला आणि दारातून निघाला. वाकायचं विसरला, कपाळ चौकटीवर आपटलं, तरी थांबला नाही.

सोमवारी तो पठारावर गेला. तुटक रेघेपाशी उभा राहिला, तीनदा ठोकलं. त्याचे दोन शब्द टेबलावर आले, "पोकळ. मागं फिरतो." दोन पोरांचा बाप संध्याकाळी आपल्या पोरांत गेला. लंबू ताईला नमस्कार करतो, पण चेष्टा करत नाही.

त्याच सोमवारी सकाळी ताईनं नकाशा उघडला होता. पठारापासून घरापर्यंत आलेली ती खालची रेघ, कुणी हात न लावता, सगळीच्या सगळी तुटक झाली होती. तिच्या टोकाला, त्यांच्या घराच्या चौकोनात, एक ठिपका. चारशे एकेचाळीस. खाली लिहिलेलं,

"रेघ तुटक झाली. थांबलोय. ताई, येऊ का?"

नकाशेबाई तिच्या मागं उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं. "चौकशी परत होईल," त्या म्हणाल्या. "व्हायचं ते होईल. पण तोवर हे टेबल सोडू नकोस." खांद्यावर हात ठेवला, तो गार होता. "ह्याला उत्तर तूच दे. मला नाही गं जमणार."

९

आई आता ताईशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, आणि जाळीपाशी जाऊन बसते. दुपारी पळीनं तीनदा वाजवते. खालून तीनदा उत्तर येतं, रोज त्याच जागेवरून. ना बोटभर पुढं, ना बोटभर मागं. "ये की रे," आई फटीत तोंड घालून म्हणते. "आई म्हणतेय ना, ये." पण फिरत्यांचा नेम तसा नसतो. टेबलानं म्हणावं लागतं.

ताईनं अकरा वर्षांत एकाही फिरत्याला उत्तराविना ताटकळत ठेवलं नाही. म्हणून ती रोज सकाळी दिवा लावायच्याही आधी नकाशा उघडते. ठिपका तोच, शब्द तेच. "ताई, येऊ का?" काही सकाळी तिचं बोट 'ये'च्या पहिल्या अक्षरावर जाऊन टेकतं. तिथं राहतं. मग तिला ती पेरं आठवतात, आणि ती निळी पट्टीही आठवते, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

ती लिहिते, "थांब."

आणि खाली दगडाच्या पोटात तो थांबतो. ताईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. एक पाय हवेत धरून थांबतो.